जपानमध्ये राहून तिथले सिनेमे, मंगा (जपानी चित्रकथा), टीव्ही, जाहिराती कशा वाटतात? आणि क्रिकेटवाल्याला बेसबॉल बघवतं का?

तुम्हाला इथल्या अलीकडच्या गोष्टींबद्दल राहणाऱ्या माणसाचं स्वतःचं मत हवंय, नेटवर फिरणाऱ्या 'टॉप टेन' याद्या नकोत, असं प्रश्नात लिहिलंय. बरं झालं. मी ओसाका आणि कोबे यांच्या मधल्या पट्ट्यात राहते, हान्शिन रेल्वेच्या लाइनीवर, आणि हान्शिन टायगर्स हा बेसबॉल संघ याच रेल्वेचा. त्यामुळे बेसबॉलच्या बाबतीत माझ्याकडून निःपक्षपाती मताची अपेक्षा ठेवू नका.

इतकी वर्षं बघून माझं एक मत पक्कं झालंय. इथल्या प्रेक्षकाला कोण जिंकलं यापेक्षा जिंकण्यासाठी कोण किती झिजलं हे बघायला जास्त आवडतं. सिनेमा असो, मंगा असो, बेसबॉल असो, कॅमेरा शेवटी घामावर जाऊन थांबतो. यातून अप्रतिम गोष्टी निघतात, आणि कधी कधी माझं डोकंही फिरतं.

अप्रतिमपासून सुरू करते. २०२५ चा एकच सिनेमा बघायचा असेल तर 'कोकुहो' बघा. दिग्दर्शक ली सांग-इल, मूळ कादंबरी योशिदा शुइची यांची. काबुकी या पारंपरिक जपानी नाटकात बायकांच्या भूमिका करणाऱ्या पुरुष नटाची, म्हणजे ओन्नागाताची, पन्नास वर्षांची गोष्ट, आणि लांबी जवळपास तीन तास. जूनमध्ये लागला तेव्हा काबुकीवरचा तीन तासांचा सिनेमा कोण बघणार असंच वाटत होतं. तो नोव्हेंबरपर्यंत थिएटरांत टिकला आणि जपानी लाइव्ह-अ‍ॅक्शन सिनेमाच्या कमाईचा २००३ पासूनचा, सुमारे १,७३५ कोटी येनचा विक्रम मोडून बसला.

किकुओ हा नागासाकीच्या एका याकुझाचा, म्हणजे गुंडटोळीवाल्याचा, पोरगा. बाप डोळ्यांदेखत मारला जातो. ओसाकाचे एक मोठे काबुकी नट (केन वातानाबे) त्याला घरी आणतात आणि स्वतःच्या मुलाच्या, शुन्सुकेच्या, जोडीने शिकवतात. पुढे गुरूला अपघात होतो आणि 'सोनेझाकी शिंजू' या नाटकातल्या ओहात्सु या नायिकेच्या भूमिकेसाठी ते पोटच्या पोराला डावलून किकुओचं नाव घेतात. प्रयोगाआधी किकुओ आरशासमोर बसलाय, आणि हात इतका थरथरतोय की चेहरा रंगवता येत नाही. तेवढ्यात शुन्सुके येतो. ज्याची जागा गेली तोच. तो ब्रश हातात घेतो आणि याचा चेहरा रंगवून देतो. किकुओ त्याला म्हणतो, तुझं रक्त पेल्यात ओतून घटाघटा प्यावंसं वाटतंय. काबुकीत घराणं रक्ताने चालतं, बापाचं नाव मुलगा घेतो, आणि याच्याकडे नेमकं तेवढंच नाही. माझ्या आजूबाजूला सगळे मुसमुसत होते. त्या ओहात्सुच्या नावाने ओळखलं जाणारं देऊळ ओसाकातल्या उमेदा स्टेशनच्या जवळच आहे, आम्ही जेवायला त्या गल्लीतून जातो. सिनेमानंतर तिथे गर्दी वाढल्यासारखी मला तरी वाटली.

मराठी माणसाला हा सिनेमा इतरांपेक्षा जवळचा वाटेल. आपल्याकडे स्त्रीपार्टी नटांची परंपरा रंगमंचावर बायका आल्यावर ओसरली. इथे १६२९ मध्ये बायकांना काबुकीतून बंदी झाली आणि पुरुषांनी त्या भूमिका करणं आजही चालू आहे. १९११ मध्ये 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलगी गेली, तरी बालगंधर्व उभे राहिले, हे आपण किती अभिमानाने सांगतो! 'कोकुहो'त किकुओ आपल्या छोट्या मुलीला घेऊन देवळात जातो. बाबा काय मागितलंस, असं ती विचारते, तर म्हणतो, सैतानाशी सौदा केला, जपानमधला सर्वांत मोठा काबुकी नट कर, बाकी काही नको. ती पोर समोर उभी असताना. बालगंधर्वांची गोष्ट ऐकताना त्या घरात त्या दिवशी आणखी कोण कोण होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं, ते इथे विचारावंसं वाटलं. नावडलेलंही सांगते. सिनेमातल्या बायका येतात, किकुओसाठी काहीतरी सोसतात आणि गायब होतात. उत्तरार्ध तर इतका पळतो की दहा-दहा वर्षं एका पाटीत जातात. किकुओ झालेला योशिझावा र्यो आणि शुन्सुके झालेला योकोहामा र्युसेई या दोघांनी दीड वर्ष काबुकी शिकून कामं केली आहेत, आणि ते दिसतं.

'डेमन स्लेयर' या अ‍ॅनिमेचा 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा तुम्ही भारतात पाहिला असेलच, हिंदीतही लागला होता. इथे तो जुलै २०२५ मध्ये आला आणि शाळकरी पोरांपासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत सगळे जाऊन आले. त्या उलट्यासुलट्या होणाऱ्या किल्ल्याची चित्रं मोठ्या पडद्यावर डोळे दिपवतात. पण तलवार मानेवर आलीय आणि तेवढ्यात बालपण सुरू! पुन्हा तलवार, पुन्हा बालपण. अकाझा या राक्षसाची पूर्वकथा चांगली आहे हे कबूल, मलाही रडू आलं. तरी अडीच तासांहून जास्त वेळ हे सहन करायला वय कमी लागतं.

मंगामध्ये माझं मन 'फ्रिरेन'वर आहे. यामादा कानेहितो लिहितात, आबे त्सुकासा काढतात, आणि २०२० पासून 'शोनेन संडे' या साप्ताहिकात चालू आहे, मध्ये मध्ये खंड पडतो तो सोसायचा. यातली गंमत अशी की मोहीम संपल्यावर गोष्ट सुरू होते. राक्षसराजाला मारून चौघे परत आलेत. दहा वर्षांचा प्रवास झालाय. त्यातली फ्रिरेन ही हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ, म्हणजे परीकथेतल्या दीर्घायुषी जमातीतली, तिच्या हिशेबात दहा वर्षं म्हणजे काहीच नाही. ती मजेत निघून जाते, पन्नास वर्षांनी परत येते, तर नायक हिमेल म्हातारा झालेला. तो जातो, आणि त्याच्या अंत्यविधीला ही रडते, की या माणसाला मी नीट ओळखूनसुद्धा घेतलं नाही. पुढचा सगळा प्रवास त्या उशिरा आलेल्या जाणिवेचा. मारामारी आहे, पण ती कमी असते तेव्हाच जास्त बरं चालतं. घाम गाळण्याच्या या देशात कुणीतरी घाम संपल्यानंतरची गोष्ट सांगतंय, म्हणून मला ती आवडते. भाग एक-दोन वाचून सोडू नका, चित्रांमध्ये रिकामी जागा खूप आहे, तिची सवय व्हायला वेळ लागतो.

मंगा आणि बेसबॉल या दोन्हींत एकदम शिरायचं तर मागे जावं लागतं. १९६६ मध्ये सुरू झालेली 'क्योजिन नो होशी' नावाची बेसबॉलची मंगा. त्यातला बाप पोराला मोठा पिचर (बेसबॉलमधला चेंडू टाकणारा) करायचं म्हणून लहानपणापासून अंगावर स्प्रिंगांचा सापळा चढवतो, रागात जेवणाचं बुटकं टेबल उलथतो. आमच्या शेजारच्या आजी आजही टेबल उलथण्याची नक्कल करून हसतात. याच गोष्टीचं २०१२ मध्ये भारतासाठी क्रिकेटरूप निघालं होतं, 'सूरज: द रायझिंग स्टार', मुंबईच्या झोपडपट्टीतला पोरगा आणि कडक बाप, कलर्स चॅनेलवर. कुणाच्या फारसं लक्षात नाही. मला वाटतं त्यात चूक क्रिकेटची नव्हती. बापाने पोराचा असा छळ करावा आणि त्याला प्रेम म्हणावं, हे साठच्या दशकातल्या जपानला जितकं पटलं तितकं २०१२ च्या आपल्या प्रेक्षकाला पटलं नसावं. आपल्याकडे बाप छळत नाहीत असं नाही, पण ते दहावीच्या मार्कांसाठी!

टीव्हीबद्दल आधी तक्रार. इथल्या गप्पांच्या कार्यक्रमांत पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते, त्यात स्टुडिओतल्या सेलिब्रिटीचा चेहरा. व्हिडिओत कुणी रामेन खातंय, तर चौकटीतला माणूस डोळे विस्फारून 'एऽऽऽ' करतोय. वर बोललेलं प्रत्येक वाक्य रंगीत ठळक अक्षरांत. कुठे हसायचं, कुठे चकित व्हायचं, सगळं आखून दिलेलं. भाषा शिकायला ती अक्षरं मला फार उपयोगी पडली, एवढं मात्र त्यांचं देणं लागते.

यावर उतारा म्हणजे 'कोदोकु नो गुरुमे'. २०१२ पासून चालू आहे. मात्सुशिगे युताका नावाचा उंच, गंभीर चेहऱ्याचा नट कामानिमित्त कुठल्यातरी भागात जातो, त्याला भूक लागते, तो एकटा एखाद्या साध्या खानावळीत शिरतो आणि जेवतो. संपलं! भांडण नाही, प्रेम नाही, शेवटी कुणी सुधारत नाही. मनातल्या मनात तो बोलत असतो, आता हे लोणचं मध्ये खावं की भात संपल्यावर. या देशात कष्ट न करता नायक होता येतं याचा हा एकमेव पुरावा. २०२५ च्या जानेवारीत त्याचा सिनेमा आला, दिग्दर्शनही मात्सुशिगेंनीच केलं. सिनेमा बरा आहे, पण मला त्याची ती अर्ध्या तासाची टीव्हीवरचीच भूक जास्त भावते.

एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर सोमवार ते शुक्रवार सकाळी आठला पंधरा मिनिटांची मालिका असते, ती सहा महिने चालते आणि संपते. हो, खरंच संपते, आपल्या मालिकावाल्यांनी याची नोंद घ्यावी. २०२५ मध्ये 'आनपान' होती, आनपानमॅन या कार्टूनचे निर्माते यानासे ताकाशी आणि त्यांची बायको यांच्या आयुष्यावर बेतलेली. आनपानमॅन हा इथल्या प्रत्येक तान्ह्या पोराचा पहिला देव. गोड पावाचं डोकं असलेला हा हिरो भुकेल्याला स्वतःच्या चेहऱ्याचा तुकडा तोडून देतो. बाळबोध वाटतं ना? यानासे युद्धात चीनमध्ये होते, भूक त्यांनी पाहिली होती, आणि धाकटा भाऊ युद्धात गेला. न्याय म्हणजे काय, हे बाजू बदलली की बदलतं, पण भुकेल्याला खायला देणं कुठल्याही बाजूने बरोबरच, अशा विचारातून तो पाव आला. सैन्यातले भाग बघताना सकाळचा चहा घशाखाली उतरत नव्हता.

जाहिराती इथे बहुतेक पंधरा सेकंदांच्या, त्यामुळे मालिकांसारख्या वर्षानुवर्षं चालतात. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत २००७ पासून कुटुंबाचा बाप म्हणजे एक पांढरा कुत्रा आहे आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. बॉस कॉफीच्या जाहिरातीत २००६ पासून टॉमी ली जोन्स परग्रहावरून आलेला माणूस होऊन जपान्यांच्या सवयी न्याहाळतो, कधी टॅक्सी चालवतो, कधी बांधकामावर राबतो. परक्या माणसाच्या नजरेने स्वतःकडे बघून हसण्याची ही रीत मला आवडते, कारण मीही इथे तेच करत असते, फक्त मला पैसे मिळत नाहीत.

सध्याचा वैताग म्हणजे बेसबॉलपटू ओहतानी. माणूस म्हणून नाही, जाहिरात म्हणून. हिरवा चहा ओहतानी, क्रीम ओहतानी, गादी ओहतानी, बँक ओहतानी, कोपऱ्यावरच्या दुकानात भाताचा ओनिगिरी घ्यायला गेले तर त्यावरही ओहतानी. जाहिरातींचा एक वेगळाच प्रकार २०२५ च्या जानेवारीत दिसला. फुजी टीव्हीवर एका प्रकरणावरून गदारोळ झाला, कंपन्यांनी धडाधड जाहिराती काढून घेतल्या आणि त्या जागी एसी जपानच्या लोकहिताच्या सूचना लागल्या. दर ब्रेकला तेच ते. त्यापुढे अ‍ॅनिमेशनवाल्या स्टुडिओ घिब्लीची २०२३ ची करामत आठवते. मियाझाकींचा नवा सिनेमा त्यांनी ट्रेलर नाही, जाहिरात नाही, नुसत्या एका पोस्टरवर लावला. त्याला पुढे ऑस्कर मिळालं.

आता बेसबॉल. क्रिकेटवाल्याला बघवतं का? पहिले काही सामने नाही बघवत. काहीच घडत नाहीये असं वाटतं. आपल्याला चेंडू बॅटला लागायची सवय, आणि इथे दहापैकी सात वेळा अपयशी ठरणारा बॅटर उत्तम मानला जातो. एकदा पिचर आणि कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) मिळून बॅटरला कसं फसवतायत हे दिसायला लागलं, की त्या शांततेतच सगळं घडतंय हे कळतं. आपल्या कसोटीतल्या चांगल्या फिरकी गोलंदाजाची ओव्हर ज्याला बघवते, त्याला हे बघवेल. टी-ट्वेंटीवाल्यांचं सांगता येत नाही.

२०२५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, इथे सकाळची बघावी लागली, अमेरिकेची रात्र म्हणजे इकडची सकाळ. डॉजर्स विरुद्ध टोरंटो ब्लू जेज. डॉजर्सचा जपानी पिचर यामामोतो योशिनोबू सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात पुन्हा उतरला. अकरा इनिंग्जनंतर ५-४, आणि शेवटचा चेंडू त्याचाच. शेजारच्या आजी रविवारी सकाळी बाल्कनीतून ओरडल्या. मीही ओरडले. पण नंतर आठवडाभर टीव्हीवर जे कौतुक चाललं, की बघा, विश्रांती न घेता, हीच जपानी जिद्द, ते ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. कारण हेच वाक्य मी मैदानावर दहा वर्षांच्या पोरांना ऐकवताना ऐकलंय.

माझा मुलगा रविवारी मुलांच्या संघात खेळतो. पहाटे मैदानावर जायचं, संध्याकाळी अंधार पडेपर्यंत परतायचं नाही. आयांच्या पाळ्या लागतात, चहाच्या. पोरांना बर्फ, पाणी, आणि प्रशिक्षकांना चहा. गरम की गार, कुणाला साखर चालत नाही, याची यादी एक आई दुसऱ्या आईकडे सोपवते. बाबा लोक मैदान सपाट करतात, तेवढं तरी करतात. मी एकदा विचारलं की मोठ्या माणसांनी आपापली बाटली आणली तर? सगळ्या जणी गोड हसल्या. विषय तिथेच मिटला, पाळी तशीच चालू राहिली. इथे आता बऱ्याच संघांनी ही पद्धत बंद केली आहे, आमच्याकडे अजून पोचलेलं नाही.

आणि तरीही ऑगस्टमध्ये मला कोशिएनला जायचं असतंच. शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा, १९१५ पासूनची. १९२४ मध्ये बांधलेलं ते मैदान, बाहेरच्या भिंतीवर चढलेला वेल, आतलं इनफिल्ड, म्हणजे बेसांभोवतीचा भाग, काळ्या मातीचं. सामना सुरू होताना आणि संपताना भोंगा वाजतो. शाळेचा बँड उन्हात ट्रम्पेट फुंकत असतो, आणि लोक पिशवीतला फोडलेला बर्फ विकत घेऊन आधी मानेला लावतात, मग वितळलेलं पाणी पितात. हरलेली पोरं रडत रडत गुडघ्यांवर बसून मैदानातली माती पिशवीत भरतात. ४९ संघांपैकी ४८ रडतात! १९५८ मध्ये ओकिनावाच्या शुरी शाळेच्या पोरांनी अशीच माती नेली, पण ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात. परदेशी माती म्हणून क्वारंटाइनवाल्यांनी ती समुद्रात टाकायला लावली. हे वाचून एका एअर होस्टेसने त्यांना कोशिएनचे खडे पाठवले, कारण खड्यांना बंदी नव्हती. २०२५ चा उन्हाळा ओकिनावाच्याच एका शाळेने, ओकिनावा शोगाकूने, जिंकला. त्या दिवशी स्टॅंडमधली म्हातारी माणसं ज्या तऱ्हेने टाळ्या वाजवत होती, ते नुसत्या स्कोअरबोर्डवरून कळणार नाही.

त्याच स्पर्धेत हिरोशिमाच्या एका शाळेने पहिला सामना जिंकून माघार घेतली, कारण वसतिगृहातल्या मारहाणीचं प्रकरण बाहेर आलं. १९९८ मध्ये मात्सुझाका नावाच्या शाळकरी पिचरने एका सामन्यात १७ इनिंग्जमध्ये २५० चेंडू टाकले, ती गोष्ट अजून दंतकथेसारखी सांगतात. हल्ली आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आहे, आणि कडक उन्हाच्या वेळेत सामने थांबवून सकाळ-संध्याकाळ असे भाग केलेत. २०२३ मध्ये केइओ शाळेची पोरं डोकी न भादरता, हसत खेळत आली आणि १०७ वर्षांनी अजिंक्य ठरली, तर लोकांनी त्यांच्या केसांवर लेख लिहिले! मी तर त्या दिवशी घरात नाचले. आजींना फारसं रुचलं नाही. त्यांच्या मते पोरांचं डोकं तुळतुळीत नसलं तर कोशिएन कसलं.

हान्शिन टायगर्सबद्दल थोडक्यात, नाहीतर उत्तर संपायचं नाही. १९८५ मध्ये ते जिंकले तेव्हा चाहत्यांनी आनंदाच्या भरात केएफसीच्या कर्नल सँडर्सचा पुतळा ओसाकातल्या दोतोन्बोरीच्या नदीत फेकला. त्याचा शाप लागला म्हणतात. पुतळा २००९ मध्ये गाळातून निघाला, पण जपान सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, पुन्हा जिंकायला २०२३ उजाडलं. २०२५ मध्ये ७ सप्टेंबरलाच त्यांनी लीग खिशात घातली, दोन लीग झाल्यापासून इतक्या लवकर कुणीच नाही, आणि मग जपान सिरीजमध्ये सॉफ्टबँक संघाकडून ४-१ ने मार खाल्ला. या संघावर जीव लावायचा तर मुंबई लोकलमध्ये उभं राहून प्रवास करण्याइतकी चिकाटी लागते.

शेवटी एक बातमी, आजींच्या वतीने. २०२६ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेचे जपानमधले हक्क एकट्या नेटफ्लिक्सने घेतले, साध्या टीव्हीवर सामने नाहीत असं जाहीर झालं. २०२३ मध्ये ओहतानीने अमेरिकेच्या ट्राउटला शेवटच्या चेंडूवर चकवलं, ते आजींनी स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीवर पाहिलं होतं. आता त्यांना पासवर्ड म्हणजे काय ते समजावण्याचं काम माझ्याकडे आलंय.